एम 340 आय सांभाळताना: तेल, टायर आणि पहिली दहा मिनिटं

मार्च 2021 मध्ये बीएमडब्ल्यू एम 340 आय भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत 62.90 लाख होती. चेन्नईच्या कारखान्यात जुळणी, बॉनेटखाली 2998 सीसीचं एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं टर्बो इंजिन, 387 अश्वशक्ती, 500 न्यूटन मीटर टॉर्क, शून्य ते शंभर 4.4 सेकंदांत. डिसेंबर 2022 मध्ये बदललेलं रूप आलं, त्यात 48 व्होल्टची माइल्ड हायब्रिड व्यवस्था, म्हणजे इंजिनाला हातभार लावणारी छोटी विजेची मोटर, आहे आणि कागदावरचा आकडा 374 अश्वशक्ती. तीच गाडी सोमवारी पोरांना शाळेत सोडते, आईला दवाखान्यात नेते आणि रविवारी पहाटे पसरणी घाट चढताना अंगावर काटा आणते. तिच्यावर माझा जीव आहे, आणि ती पंधरा वर्षं टिकावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ही गाडी मी पुण्यात रोज वापरतो. माझं ठाम मत असं, की अशी गाडी जोरात चालवल्यामुळे सहसा बिघडत नाही. ती बिघडते थंड इंजिनावर दामटल्यामुळे, म्हाताऱ्या तेलावर ओढल्यामुळे आणि टायरकडे न पाहिल्यामुळे. धातू आणि धातूच्या मध्ये तेलाचा पातळ थर असतो, गाडी आणि रस्त्याच्या मध्ये तळहाताएवढे रबराचे चार तुकडे. मालकाचं निम्मं काम या दोन गोष्टी जपण्याचं आहे.

पहिले दोन हजार किलोमीटर

गाडी नवी असेल तर पहिल्या 2,000 किमीपर्यंत इंजिन 4,500 आरपीएमच्या आणि वेग ताशी 160 किमीच्या पुढे नेऊ नका, असं कंपनीच्या पुस्तिकेतच लिहिलेलं आहे. आपल्या रस्त्यांवर वेगाचा भाग आपोआप पाळला जातो, आरपीएमचा मात्र मुद्दाम पाळावा लागतो. एकाच वेगावर तासभर क्रूझ कंट्रोल लावून बसू नका. वेग कमीजास्त करत राहा, म्हणजे आतले भाग एकमेकांशी नीट जुळतात. नव्या टायरना पकड यायला साधारण 300 किमी लागतात आणि ब्रेकचे पॅड-डिस्क एकमेकांवर बसायला 500. मित्रांना 'बघ कशी पळते' दाखवायचा मोह याच काळात सगळ्यात जास्त होतो. लाँच कंट्रोल, म्हणजे उभ्या गाडीला पूर्ण ताकदीनं झेप घ्यायला लावणारी सोय, तर या टप्प्यात नकोच.

पहिली सर्व्हिस येण्याआधी, दोन हजार किमीच्या सुमारास मी एकदा तेल आणि फिल्टर बदलून घेतला. कंपनी तसं मागत नाही. पण नव्या इंजिनात सुरुवातीला धातूचे बारीक कण सुटतात आणि ते लवकर बाहेर गेलेले बरे, असं माझ्या जुन्या मेकॅनिकनं शिकवलं होतं. तो खर्च मला कधी जड वाटला नाही.

रोज सकाळी

स्टार्ट करून दहा मिनिटं उभ्या उभ्या गरम करत बसू नका. सुरू करा, पट्टा लावा, आरसे पाहा आणि अर्ध्या मिनिटात हळू निघा. त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं दोन-अडीच हजार आरपीएमच्या आत चालवा, कम्फर्ट मोडमध्ये, अॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून. तापमानाचा काटा मधोमध आला की सगळं झालं असं वाटतं, पण काट्याच्या मागोमाग इंजिनाचं तेल, गिअरबॉक्सचं तेल, चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल आणि टायर सगळ्यांनाच गरम व्हायचं असतं. लाँच कंट्रोल वापरण्याआधी सलग किमान दहा किलोमीटर गाडी चालवा, अशी सूचना पुस्तिकेत आहे. मी तोच हिशेब जोरात चालवण्याच्या प्रत्येक वेळेला लावतो.

घर ते ऑफिस तीन-चार किमीच असेल तर आठवड्यातून एकदा तरी गाडी चाळीस-पन्नास किमी सलग फिरवा. इंजिन नीट तापलं नाही की पेट्रोलचा आणि पाण्याचा अंश तेलात मिसळत जातो आणि तो उडून जायला उष्णता लागते. पुण्यात राहणाऱ्याला रविवारी सकाळी खेड शिवापूरच्या पुढे जाऊन चहा पिऊन येणं एवढं औषध पुरतं.

थांबतानाही असंच करा. घाट चढून वर आलात, गाडी तापलेली आहे, तर शेवटचे दोन-तीन किमी शांतपणे चालवत हॉटेलात पोचा. बंद केल्यावर पुढून पंख्याचा आवाज येत राहिला तर घाबरू नका, टर्बोची उष्णता काढण्याचं काम चालू असतं.

तेल

इंजिनात साधारण साडेसहा लिटर तेल लागतं. बीएमडब्ल्यूची मान्यता असलेलंच तेल घ्या. 'लाँगलाइफ-17 एफई प्लस' किंवा तुमच्या पुस्तिकेत दिलेली दुसरी मान्यता डब्याच्या मागच्या बाजूला छापलेली असायला हवी. 'फुल्ली सिंथेटिक' एवढंच लिहिलेलं पुरेसं नाही. डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. यात संकोच करायचं काही कारण नाही.

गाडीचा कॉम्प्युटर पुढच्या सर्व्हिसचे किलोमीटर दाखवतो. तो आकडा शेवटची मर्यादा समजा. आपल्याकडचं ट्रॅफिक, धूळ, एसीवर तासन्‌तास रांगेत उभं राहणं हे सगळं किलोमीटरमध्ये मोजलं जात नाही. पुणे-मुंबई पट्ट्यात चालणाऱ्या गाडीचं तेल मी सात-आठ हजार किमीला किंवा वर्षाला बदलतो, जे आधी येईल ते. फिल्टर प्रत्येक वेळी नवा. जुनं तेल ट्रेमध्ये पडताना उभं राहून पाहा. काळं असणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण दोन बोटांत घेऊन चोळलं आणि पेट्रोलचा उग्र वास आला, किंवा उन्हात धरल्यावर चंदेरी चमक दिसली, तर तिथेच प्रश्न विचारा.

दर महिन्याला तेलाची पातळी पडद्यावरच्या मेनूत मोजा. गाडी सपाट जागी हवी, इंजिन पूर्ण तापलेलं हवं. कमी दिसलं तर एकदम लिटर ओतू नका, अर्धा ओता आणि पुन्हा मोजा. जास्त झालेलं तेलही इंजिनाला बाधतंच.

टायर

या गाडीत पैसा आणि जीव दोन्ही जिथे पणाला लागतात ती जागा म्हणजे टायर. पुढचे 225 रुंदीचे, मागचे 255. म्हणजे साध्या गाडीसारखे पुढचे मागे आणि मागचे पुढे करता येत नाहीत. शिवाय ही चारही चाकं ओढणारी गाडी. पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये एक क्लच असतो. चार टायरांचे घेर एकमेकांशी जुळत नसले, कुठे नवा कुठे झिजलेला, कुठे वेगळ्या कंपनीचा, तर तो क्लच सरळ रस्त्यावरही सतत घसरत काम करतो आणि अकाली झिजतो. हलक्या अॅक्सिलरेटरवर तीस-पन्नासच्या वेगात किंवा पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू फिरताना थरथर जाणवते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. जुनी एम 340 आय घेत असाल तर इंजिन ऐकण्याआधी खाली बसून चारही टायरांची कंपनी, नाव आणि तारीख वाचा. तारखेचे चार आकडे असतात. 2324 म्हणजे 2024 सालातला तेविसावा आठवडा.

बदलताना एका अॅक्सलचे दोन्ही एकदम बदला, आणि चारही एकाच नावाचे ठेवा. बीएमडब्ल्यूनं या गाड्यांसाठी तपासलेल्या टायरवर बाजूला छोटा तारा कोरलेला असतो, तो शोधा. कायद्यानं खाच 1.6 मिमीपर्यंत चालते. पण जूनमध्ये तीन मिमीच्या खाली असलेला टायर घेऊन मी घाटात जात नाही.

हवा थंड टायरमध्ये, सकाळी, घरच्या गेजनं पाहा. पंपावरच्या मशीनचा भरवसा मी सोडला आहे. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, पुढचा-मागचा आणि रिकाम्या-भरलेल्या गाडीचा वेगवेगळा. हवा भरल्यावर पडद्यावर जाऊन प्रेशर मॉनिटर रीसेट करायला विसरू नका.

समृद्धी महामार्गावर जाणार असाल तर हे दुप्पट काटेकोरपणे करा. मुंबई-नागपूर 701 किमी, काँक्रीटचा रस्ता, 120 ची मर्यादा. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी कमी हवेचा टायर आतल्या आत तापतो आणि फुटतो. दर दोन तासांनी थांबा, टायरच्या बाजूवर हाताचा मागचा भाग धरून चारही सारखेच गरम आहेत का पाहा. एक जास्त तापलेला वाटला तर पुढे जाण्याआधी हवा तपासा.

आता माझ्यावर आलेली गोष्ट. दोन वर्षांपूर्वी जुलैत रात्री, पावसात, उड्डाणपुलाच्या उतारावर पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात डावं पुढचं चाक गेलं. आवाज मोठा झाला. उतरून पाहिलं, रिम ठीक, हवा ठीक, बाहेरून टायरवर ओरखडाही नाही. मी विसरून गेलो. तीन आठवड्यांनी गाडी धुताना चाक पूर्ण वळवलेलं होतं म्हणून हात आतल्या बाजूला गेला आणि बोटांना फुगा लागला. लिंबाएवढा, मऊ, दाबल्यावर आत जाणारा. टायरच्या आतले धागे तुटलेले होते आणि त्या तीन आठवड्यांत मी एक्सप्रेसवेवर दोनदा जाऊन आलो होतो, घरची माणसं बसलेली असताना. तेव्हापासून कुठलाही खड्डा जोरात बसला की दुसऱ्या दिवशी सकाळी स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवून चारही टायर आतून हातानं चाचपतो. मागच्यांसाठी खाली टॉवेल टाकून आडवं व्हावं लागतं. पाच मिनिटं लागतात.

रनफ्लॅट टायर, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर, असतील तर त्यांच्या कडक बाजू खड्डा थेट रिमपर्यंत पोचवतात, हे लक्षात ठेवा. पंक्चर झाल्यावर ते ताशी 80 किमीच्या आत साधारण 80 किमी नेतात, आणि तसे चालवल्यावर ते दुरुस्त करून वापरायचे नसतात. साधे टायर लावायचे ठरवलंत तर, माझ्या मते गाडी त्यावर जास्त छान चालते, डिकीत पंक्चर किट, छोटा कंप्रेसर आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना) ठेवा. चाकाचे बोल्ट 140 न्यूटन मीटरला आवळायचे असतात. एका टायरवाल्यानं हवेच्या गननं माझे बोल्ट इतके आवळले होते की पुढच्या वेळी लांब पाइप लावून, त्यावर उभं राहून ते सोडवावे लागले. आता शेवटचा आवळ मी स्वतः देतो.

पेट्रोल

टाकीच्या झाकणाच्या आत कोणतं पेट्रोल चालतं ते लिहिलेलं असतं, आधी ते वाचा. कंपनीनं दिलेली ताकद 98 ऑक्टेनवर मोजलेली आहे. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल अवेळी पेट घेण्याला किती विरोध करतं त्याचा आकडा. कमी ऑक्टेनवर इंजिन स्वतःला सांभाळतं, ठिणगीची वेळ मागे घेतं, बिघडत नाही, पण ओढ कमी होते. मे महिन्यात एसी लावून घाट चढताना हा फरक सगळ्यात जास्त कळतो. पुण्या-मुंबईत डिसेंबर 2020 पासून 100 ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. रोज ते परवडत नसेल तर रोज 95 आणि लांबच्या प्रवासाआधी शंभर, असं करा.

आता पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास आहे. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटलं तर गाडीत दोष शोधत बसू नका. काळजी घ्यायची ती उभ्या गाडीची. इथेनॉल पाणी ओढतं. दोन महिने परदेशी जाणार असाल तर टाकी भरून ठेवा, आत दमट हवेला जागा कमी राहते.

हे इंजिन पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतं, म्हणून इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलनं धुतले जात नाहीत आणि त्यांच्या पाठीवर हळूहळू काजळी साठते. या इंजिनात हा त्रास तुलनेनं कमी आहे. खूप चाललेल्या गाडीची आयडलिंग (गाडी उभी असतानाची इंजिनाची चाल) खडबडीत वाटू लागली तर अक्रोडाच्या कवचाची पूड हवेच्या झोतानं मारून व्हॉल्व्ह साफ करतात. हे काम आधी केलेल्या माणसाकडेच द्या.

ब्रेक आणि घाट

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरताना ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. स्टिअरिंगमागच्या डाव्या पॅडलनं दुसरा-तिसरा गिअर धरा, इंजिनाला गाडी रोखू द्या आणि ब्रेक वळणाआधी थोडा वेळ पण ठाम दाबा. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबा, पार्किंग ब्रेक न लावता पार्क मोडमध्ये ठेवा आणि दहा मिनिटं डिस्क निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, किलोमीटर कितीही असोत. ते हवेतला ओलावा शोषतं, कोकणात तर लवकरच, आणि ओलं झालेलं ऑइल घाटात उकळलं की पेडल खाली जातं.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर 100 आणि घाटात 60 ची मर्यादा कॅमेरे पाहतात. ही गाडी 100 ला इतकी निवांत असते की वेग कळतच नाही, म्हणून मी ठरवलेल्या वेगापुढे गाडी जाऊ न देणारा लिमिटर लावूनच जातो. मनासारखं पळवायचं असेल तर चेन्नई, कोईमतूर किंवा ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर ट्रॅक-डेला जा. नेहमीची विमा पॉलिसी तिथे लागू नसते, हे माहीत असू द्या. परतल्यावर तेल, ब्रेक ऑइल आणि पॅड तिन्ही तपासून घ्या.

पावसाळा

पुस्तिकेनुसार 25 सेंमीपेक्षा खोल पाण्यात जायचं नाही, आणि तेवढ्यातही चालण्याच्या वेगानंच. 25 सेंमी म्हणजे फुटाहून कमी. पुढचा माणूस गुडघ्यापर्यंत बुडालेला दिसला की वळवा. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टचं बटण दाबू नका. पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. पुन्हा स्टार्ट केल्यामुळे झालेलं नुकसान विमा कंपन्या नाकारतात. उतरा आणि गाडी फ्लॅटबेडवर चढवून न्या. विमा घेताना झिरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्शन आणि टायर-रिम कव्हर हे तिन्ही घ्या.

मे संपण्याआधी काचेच्या खालचा, वायपरच्या मुळाशी असलेला पन्हाळीसारखा भाग साफ करा. एकदा दसऱ्याला आम्ही बॉनेटवर झेंडूचा मोठा हार घातला. पाकळ्या त्या खाचेत गेल्या, सुकल्या आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी जायच्या भोकावर त्यांचा लगदा बसला. ब्रशनं काढला तेव्हा अर्धी मूठ भरला. पूजा आजही करतो, पण हार पुढच्या जाळीला, तासाभरापुरता, आणि हळदकुंकू पेंटवर न घासता नंबर प्लेटवर. ओल्या झेंडूचा पिवळा डाग पांढऱ्या रंगावरून सहज निघत नाही.

पावसात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधतात. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून टॉर्च मारा. लेंड्या, कुरतडलेला फोम, ओढून आणलेला कागद यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी पार्किंगची जागा बदला. एक तुटलेली वायर शोधायला मेकॅनिकचे दोन दिवस जातात.

धुताना दोन बादल्या वापरा, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. सोसायटीत बोअरचं पाणी असेल तर गाडी उन्हात धुऊन तशीच सोडू नका, क्षाराचे पांढरे ठिपके काचेवर घट्ट बसतात.

वर्षं उलटतात तेव्हा

कूलंट कमी दिसला तर नळाचं पाणी ओतू नका आणि रंग पाहून बाटली निवडू नका, गाडीला चालणाराच घ्या. आणि भर घालण्याआधी तो गेला कुठे ते शोधा. टर्बोतून आलेली हवाही इथे पाण्यानंच थंड होते, त्यामुळे कूलंटची गळती दुर्लक्षित ठेवण्यासारखी नसते. स्पार्क प्लग मी पन्नास-साठ हजारांवर बदलतो. रीमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या गाडीत ते त्याहून बरेच आधी बदलावे लागतात, आणि रीमॅप केल्यावर इंजिनाच्या वॉरंटीचा दावा टिकत नाही. स्टॉक गाडीतली ताकद आपल्या रस्त्यांना पुरून उरते.

बॅटरी डिकीत असते. ती बदलली की कॉम्प्युटरला तशी नोंद द्यावी लागते, नाहीतर गाडी नव्या बॅटरीला जुनी समजून चार्ज करत राहते. बाहेरच्या गॅरेजात बदलत असाल तर नोंद करणारं स्कॅनर आहे का, हे आधी फोनवर विचारा.

गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही, असं तुम्हाला सांगितलं जाईल. हा आठ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किमीच्या दरम्यान ते बदलायला सांगते. मी 80,000 ला बदलणार आहे. तेलाची ट्रे प्लास्टिकची आहे आणि फिल्टर तिच्यातच बसवलेला आहे, म्हणून ट्रेसकट बदलावी लागते. पातळी इंजिन चालू ठेवून, गाडी लिफ्टवर सपाट धरून, तेल ठराविक तापमानाला आल्यावर बाजूच्या भोकातून थेंब गळेपर्यंत भरून ठरवतात. गॅरेज ठरवताना 'तापमान कशानं मोजता?' हा एक प्रश्न विचारा. स्कॅनर दाखवला तर गाडी ठेवा, बोटानं भोक दाखवलं तर किल्ली घेऊन परत या.